डांबर लावलेली घागर

एकदा एक म्हातारा तळ्याच्या काठी बसून रोज सकाळी किती पाणी नाहीसं झालं ते मोजत असे, आणि त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. शिष्य कसला, तापट डोक्याचा, शाळा मध्येच सुटलेला, आणि त्या वर्षी तर कुणाचंच ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसलेला. तो शिष्य मी. म्हाताऱ्याला सगळे नाना म्हणत. गोष्ट नानांची आहे. मी तिथे होतो, म्हणून सांगतो.

आमच्या गावाच्या पश्चिमेला एक सखल जागा आहे. तिथे पूर्वी पाणथळ होतं. लव्हाळं, कमळं, शिंगाडे, हिवाळ्यात परमुलखातली पाखरं. माझ्या जन्माआधी कुणीतरी तिथे चर खणला आणि पाणी नाल्यात सोडून दिलं, शेतीला जमीन मिळेल म्हणून. जमीन मिळाली नाही, वेड्या बाभळी माजल्या. माझ्या मोठ्या भावानं, दादानं, तो चर बुजवायचा ध्यास घेतला. चार पोरं जमवली, बाभळी तोडल्या, चिकणमाती ओढून आणून चराच्या तोंडाशी बांध घातला. दोन पावसाळ्यांत पाणी थांबलं. पाणकणीस, म्हणजे कणसासारखे तुरे येणारं उंच पाणगवत, मात्र आपोआप येईना, तेव्हा त्यानं ते दूरच्या तळ्यातून उपटून आणलं आणि गुडघाभर चिखलात उभं राहून एकेक कोंब लावला. गेल्या श्रावणात बांध फुटायला आला म्हणून तो भर पावसात माती टाकायला गेला आणि तिथे त्याला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे बोलत नाहीत, पान लागलं म्हणतात. गावातल्या झुंबरशेटच्या गाडीतून तालुक्याला नेत होतो. वाटेतच गेला.

नानांना गावात आणलं होतं ते दादानंच. त्यांचा जन्म पाटबंधाऱ्यांवर पाणी मोजण्यात गेला होता. निवृत्तीनंतर ते तळ्याकाठच्या एका खोलीत येऊन राहिले. दादा गेल्यावर ते आईला एवढंच म्हणाले, "धाकट्याला माझ्याकडे पाठवत जा." मी जाऊ लागलो. मोजमापाची आवड होती म्हणून नव्हे, तर घरी ओसरीत दादाची खाट होती म्हणून.

काम सोपं होतं. काठावर लाकडी फळ्यांवर एक पसरट लोखंडी टाकी ठेवलेली होती, वर जाळी, पाखरांनी आणि कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून. शेजारी जमिनीत पुरलेलं एक पिंप होतं आणि त्यात तळ्यातलाच चिखल, तळ्यातलंच पाणी आणि दादाच्या पाणकणसाचा एक झुबका. दोन्हींच्या आत खूण केलेली. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलेलं असायचं. मापाच्या भांड्यानं ते पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. जेवढं ओतावं लागलं, तेवढं कालच्या दिवसात गेलं. याशिवाय खांबांवर तापमापक टांगले होते. एक जोडी तळ्याच्या खालच्या अंगाला, जिकडे वारा पाण्यावरून येतो, आणि एक जोडी गावाच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या माळावर. प्रत्येक जोडीत एक तापमापक कोरडा आणि एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं. फडक्यावालाच नेहमी थंड दाखवायचा. का, ते मला कळत नव्हतं आणि विचारायचंही सुचत नव्हतं.

मला फक्त एकच गोष्ट छळत होती. चैत्र लागला, उन्हाचा कडाका वाढला आणि रोज जास्त जास्त पाणी ओतावं लागू लागलं.

"गेलं म्हणजे कुठे गेलं, नाना?" मी एकदा विचारलं.

"वर."

"वर कुठे? वर काहीच दिसत नाही."

"दिसत नाही खरं."

हे काय उत्तर झालं? माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी नाना खोलीतून बाहेर यायच्या आधी मी टाकीतलं सगळं पाणी ओतून दिलं, ती उलटी केली आणि भोक शोधत बसलो. बोटानं सगळा तळ चाचपला. भोक नव्हतं. नाना आले, उलट्या टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सापडलं का?"

"नाही."

"मग आजचा दिवस मोजण्यातून गेला. उद्यापासून पुन्हा," असं म्हणून ते चहा करायला आत गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पिंपाचं तर त्याहून विचित्र. उघड्या टाकीपेक्षा पाणकणसाच्या पिंपातून जास्त पाणी जात होतं. दादानं हातानं लावलेलं झाड दादानंच अडवलेलं पाणी उडवून टाकत होतं. हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मी एकदा विळा घेऊन पिंपाजवळ उभाही राहिलो. नाना खोलीच्या दारातून म्हणाले, "सुपडू, कापायचं असेल तर काप. पण आधी त्याच्या सावलीत हात घालून बघ." मी हात घातला नाही. विळा फेकून घरी गेलो.

हे सगळं नुसतं माझ्या मनाच्या समाधानासाठी चाललं नव्हतं. गावासमोर प्रश्न होता. झुंबरशेट केळीचे व्यापारी, गावातली बहुतेक केळी तेच उचलतात. माणूस वाईट नाही. दादाला नेण्यासाठी त्यांनी गाडी दिली आणि त्या दिवसानंतर गाडीचा विषयही काढला नाही. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. "एवढं मोठं पसरट पाणी उन्हात उघडं ठेवणं म्हणजे मूर्खपणा. चर पुन्हा मोकळा करा. कोपऱ्यात एक खोल तळं खणू, खाली प्लास्टिक, वर आच्छादन. थेंब जाणार नाही. सगळ्यांच्या केळीला पुरेल." लोकांना पटत होतं. सरपंच कोकिळाताई म्हणाल्या, "नाना वर्षभर मोजतायत. आखाजीच्या दुपारी सगळे गावात असतात, तेव्हा तळ्यावर बसू. नाना सांगतील किती पाणी वाया जातं. मग ठरवू."

म्हणजे नानांच्या तोंडून जो आकडा निघेल त्यावर दादाचा बांध राहणार की जाणार हे ठरणार होतं. दादाचं मागे दुसरं काही नव्हतं. लग्न झालेलं नव्हतं, फोटोही धड एक नाही. तो बांध, ते पाणी आणि ते पाणकणीस.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. घागरीवर लहान मातीचा करा, त्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबा. ज्या घरातलं माणूस त्याच वर्षी गेलेलं असेल त्या घरात त्याच्या नावाची नवी कोरी घागर येते. पूजा झाली की पुढे उन्हाळाभर तिचं पाणी पिण्यासाठी वापरतात.

आईनं कुंभाराकडून घागर आणली आणि आदल्या दिवशी भरून पाहिली. नवी घागर पाझरतेच. थोड्या वेळात तिचं पोट ओलं झालं आणि बुडाशी जमिनीवर ओल पसरली. मी ते पाहत बसलो. दिवसभर टाकीत पाहत होतो तेच आता घरात. उद्या दादाच्या नावानं हिच्यात पाणी भरायचं आणि परवापर्यंत ते कमी झालेलं बघायचं.

मी उठलो. तळ्यावर भोई लोकांचा एक डोंगा, लहानशी होडी, दुरुस्तीला काढलेला होता, त्याला लावायचं डांबर तिथे होतं. ते मागून आणलं. घागर रिकामी केली, उन्हात वाळवली आणि डांबर पातळ करून तिला बाहेरून गळ्यापासून बुडापर्यंत दोन हात दिले. आई ओसरीतून पाहत होती.

"काय करतोस रे बाबा?"

"आता नाही पाझरणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्या काळ्या घागरीवर कुंकवाची बोटं ओढली. काळ्यावर कुंकू दिसेना. मग तिनं हळदीची ओढली. ओसरीच्या कठड्यावर, जिथे दारातल्या झळा थेट येतात, तिथे आमची रोजची लाल घागर होती. तिच्या शेजारीच दादाची काळी ठेवली. एकाच विहिरीचं पाणी दोन्हींत भरलं. मी तासातासाला काळीत डोकावत होतो. पाणी काठोकाठ होतं. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी जसंच्या तसं राहिलं होतं.

नाना जेवायला आमच्याकडेच होते. आमरस पुढे होता, पण त्यांचं लक्ष घागरीकडे होतं. जेवण झाल्यावर मी त्यांना अंगणात गाठलं.

"नाना, आज नुसत्या टाकीचा आकडा सांगा. पिंपाचा सांगू नका."

"का?"

"पिंपाचा मोठा आहे. लोक चर फोडतील."

"आणि कुणी पाणकणसाचं विचारलं तर?"

"मोजलं नाही म्हणा. तुम्हाला दादानं आणलं नाना. एवढं करा."

नाना टोपी नीट करत म्हणाले, "चल, उशीर होईल."

तळ्याकाठच्या जुन्या चिंचेला पोरींनी झोके बांधले होते. माणसं सावलीत बसायला आली तशा पोरी कुरकुरत दुसऱ्या फांदीखाली गेल्या. कोकिळाताईंनी फार लांबण लावली नाही. "नाना, सांगा."

नाना उभे राहिले. आधी टाकीचा आकडा सांगितला. लोकांत कुजबुज झाली. मग ते म्हणाले, "हे उघड्या पाण्याचं झालं. पण तळ्याचा मोठा भाग पाणकणसानं भरला आहे. त्यातून याहून जास्त जातं," आणि पिंपाचाही आकडा सांगितला.

कुजबुज मोठी झाली. झुंबरशेट हळूच म्हणाले, "मी वेगळं काय म्हणत होतो?" त्यात विजयाचा आवाज नव्हता, तेच मला जास्त लागलं.

मी उठलो. "नाना, तुम्ही माझ्या भावाचं मीठ खाल्लंत," मी म्हणालो. समोर पाणकणीस वाऱ्यानं हलत होतं आणि मला वाटलं की आत्ताच जाऊन मीच तो बांध फोडावा.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "सुपडू, घरी जा. ओसरीतल्या दोन्ही घागरी घेऊन ये. दादाची आणि रोजची."

मला काही समजेना. दादाची घागर, आणि तीही आजच्या दिवशी, चारचौघांत कशाला? मी नाही म्हणणार होतो. पण आई बायकांमध्ये बसली होती, ती म्हणाली, "आण. ते पाणी प्यायलाच असतं." घर तळ्यापासून हाकेवर आहे. मी दोन खेपा केल्या. खांद्यावरची काळी घागर शर्टातून अंगाला चटका देत होती, ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

"काय ही काळी करणी!" झुंबरशेट म्हणाले. "कुणाची?"

"ज्याला तिच्यातलं पाणी फार जवळचं आहे त्याची," नाना म्हणाले. "शेटजी, उन्हातून आलात. घ्या, पाणी प्या." त्यांनी काळ्या घागरीतून तांब्या भरून दिला.

शेटजींनी पाया पडल्यासारखी मान लववली आणि एक घोट घेतला. तोंड वेडंवाकडं केलं. दादाचं पाणी आहे हे आठवून घोट गिळला. "अरे, साखर आणि पत्ती घातली असती तर चहाच झाला असता."

कुणीतरी हसलं. मी हसलो नाही.

"आता हे घ्या." दुसरा तांब्या लाल घागरीतून. शेटजींनी तो एका दमात संपवला आणि न बोलता पुढे केला. नानांनी पुन्हा भरून दिला.

मग नाना बोलले. फार नाही बोलले.

"दोन्ही घागरी सकाळपासून एकाच कठड्यावर होत्या. एकाच विहिरीचं पाणी, सारख्याच झळा. काळीतून थेंबही गेला नाही. लालमधून गेलं, म्हणून तिचं पोट ओलं आहे. आता बघा, ऊन आलं की त्याची उष्णता कुठेतरी जाणारच. काळीत तिला वाट नव्हती, ती पाण्यातच साठली. लालमधलं थोडं पाणी वाफ होऊन निघून गेलं आणि जाताना ती उष्णता आपल्याबरोबर घेऊन गेलं. म्हणून उरलेलं गार राहिलं. तळ्याचं असंच आहे. तुम्ही मला विचारलंत, पाणी किती गेलं. ते मी खरं खरं सांगितलं. पण ते जाताना काय घेऊन गेलं, हे कुणी विचारलं नाही. ते या तापमापकांवर आहे. पाण्यावरून वारा येतो त्या अंगाला दुपार माळापेक्षा निवलेली असते. मी वर्षभर पाहतोय. शेटजी, तुमची बाग तळ्याच्या खालच्या अंगाला आहे. यंदा पानं करपली?"

शेटजींनी तांब्या खाली ठेवला. "यंदा कमी करपली."

"आणि माळाकडच्यांची?"

मागून एकजण म्हणाला, "आमची पानं तर नुसती पापडासारखी वाजतात."

"पण नाना," कोकिळाताई म्हणाल्या, "एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला, आणि हे असंच उडत राहिलं, तर?"

"तर कमी पडेल," नाना म्हणाले. "त्या वर्षीही जे असेल तेच सांगेन."

पोरींचे झोके करकरत होते. शेवटी कोकिळाताई म्हणाल्या, "चर बंद राहू द्या. शेटजी, तुमचं तळं तुमच्या शेतात खणा. खाली प्लास्टिक घाला, नाहीतर रेशीम घाला."

"रेशमाचा भाव विचारून बघतो," शेटजी म्हणाले आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

माणसं पांगली. बांध वाचला होता. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी नुसताच दोन घागरींकडे बघत उभा होतो. मी वर्षभर जे गळणं समजून चिडत होतो ते गळणं नव्हतं, एवढं कळलं होतं. पण मग माझ्या घरी जे गेलं त्याचं काय? ते जाताना काय घेऊन गेलं? मला वाटलं, नाना तेही सांगतील.

"नाना, आणि दादाचं?"

नाना पिंपाशी वाकून खूण बघत होते. तसेच वाकलेले असताना म्हणाले, "मी तुला पाण्याचं सांगितलं बाळा. बाकीचं मलाही येत नाही." मग म्हणाले, "इकडे ये. सावलीत हात घाल."

या वेळी मी घातला. पाणकणसाच्या पात्यांमध्ये, पाण्याच्या जरा वर. बाहेर भट्टी पेटली होती आणि तिथे आत ओला, गार श्वास होता. मी हात तिथेच ठेवला. चिखलाचा वास येत होता. दादाच्या पायांना संध्याकाळी हाच वास यायचा, आणि आई त्याला म्हणायची, आधी पाय धू मग घरात ये. हे मी विसरलो होतो. श्रावणापासून मला फक्त ती गाडी आठवत होती.

त्या संध्याकाळी मी खापराचा तुकडा घेऊन दादाच्या घागरीचं डांबर खरवडायला बसलो. ते सगळं निघत नाही. मातीच्या छिद्रांत शिरलेलं असतं. थोड्या वेळानं आई येऊन शेजारी बसली आणि तीही खरवडू लागली. आम्ही दादाबद्दल बोललो. त्याला पोहे आवडायचे नाहीत यावरून सुरू झालं आणि कुठेही गेलं. घागर कबरी झाली, वाईट दिसू लागली. कुंकू मात्र आता तिच्यावर उठून दिसलं.

सकाळी उठून पाहिलं तर जिथे डांबर निघालं होतं तिथे ती ओली होती, आणि आत पाणी काठाखाली गेलं होतं. मी डोकावलो. आईनं माझ्या हातातून झाकण घेतलं, कळशीनं घागर पुन्हा काठोकाठ भरली आणि पहिला पेला मला दिला. पाणी गार होतं. मी पेला संपवून तळ्यावर गेलो. टाकी आणि पिंप भरायची होती.

तुमच्याही घरात अशी घागर असेल, तर तिला डांबर लावू नका. रोज सकाळी भरा.